विश्लेषण : उन्हाळ्यातील ‘जिन अँड टॉनिक’ कसे जमते आणि कुठे फसते?

मे महिन्याची संध्याकाळ. गच्चीवर पाणी मारून झालेले, मित्रमंडळी जमलेली, कुणीतरी जिनची बाटली आणि टॉनिकचे चार कॅन आणलेले. जगातील सर्वात सोप्या कॉकटेलपैकी हे एक : दोन घटक, बर्फ आणि लिंबाची फोड. तरीही घरी केलेला ग्लास अनेकदा कोमट, गोडमिट्ट आणि बुडबुडे उडालेला निघतो. असे का होते? या पेयाचा भारताशी आणि मलेरियाशी असलेला संबंध कितपत खरा? उन्हाळ्यात ते खरोखर ‘थंड’ असते का? आणि पाहुण्यांना देताना यजमानाने कोणता हिशेब डोक्यात ठेवायला हवा?

जिन म्हणजे नेमके काय?

धान्य किंवा मळीपासून काढलेल्या स्वच्छ, जवळजवळ चवहीन मद्यार्काला ज्युनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या फळांचा स्वाद दिला की जिन तयार होते. ज्युनिपर हा जिनचा आत्मा. तो नसेल तर बाकी कितीही मसाले घातले तरी त्या मद्याला जिन म्हणता येत नाही. आयुर्वेदात हेच फळ ‘हपुषा’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या जोडीला धणे, लिंबू-संत्र्याची साल, अँजेलिकाचे मूळ, वेलदोडा, दालचिनी असे जिन्नस असतात. म्हणजे जिनच्या भट्टीची यादी मराठी घरातल्या मसाल्याच्या डब्यापासून फार लांब नाही.

जिनचे मूळ नेदरलँड्समधील ‘येनेव्हर’ या मद्यात आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन इतकी स्वस्त झाली की तिने शहराला विळखा घातला. अखेर १७५१ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून तिला लगाम घालावा लागला. १८३०च्या दशकात अखंड चालणारी नवी ऊर्ध्वपातन यंत्रे आली, मद्यार्क शुद्ध मिळू लागला आणि वास झाकण्यासाठी साखर घालण्याची गरज उरली नाही. त्यातून ‘लंडन ड्राय’ ही कोरडी शैली जन्मली. हे शैलीचे नाव आहे, गावाचे नाही. त्यामुळे गोव्यात बनलेली जिनही ‘लंडन ड्राय’ असू शकते.

गोव्याचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. २०१७ नंतर तेथे छोट्या भट्ट्यांतून ‘ग्रेटर दॅन’, ‘हपुसा’, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ अशा जिन बाजारात आल्या आणि भारतीय जिनकडे बाहेरचे लोकही वळून पाहू लागले. यातील ‘हपुसा’ या नावाचे मूळ वरच्या संस्कृत शब्दातच आहे.

टॉनिक म्हणजे सोडाच ना?

नाही, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. सोडा म्हणजे पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. टॉनिकमध्ये तो वायू असतोच, शिवाय साखर, आम्ल आणि क्विनीन असते. क्विनीन हा सिंकोना झाडाच्या सालीतला अत्यंत कडू पदार्थ. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेले ‘कोयनेल’ ते हेच. 

टॉनिकमधील क्विनीन ओळखायची एक गमतीची खूण आहे. अतिनील दिव्याखाली टॉनिकची बाटली धरली तर ती निळसर चमकते. क्विनीनच्या द्रावणाचा हा निळा रंग जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवला आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याची मीमांसा केली. विज्ञानातील ‘प्रतिदीप्ती’ या संकल्पनेच्या अभ्यासाची सुरुवात अशी कोयनेलच्या पाण्यातून झाली.

साखरेकडे मात्र दुर्लक्ष होते. साध्या टॉनिकमध्ये १०० मिलिलिटरला साधारण ८ ते ९ ग्रॅम साखर असते. कडवटपणामुळे ती जिभेला जाणवत नाही इतकेच. ३०० मिलिलिटरचा एक कॅन म्हणजे जवळपास २५ ग्रॅम, अर्थात पाच चहाचे चमचे साखर. ‘कोला नको, टॉनिक घेतो’ असे म्हणणाऱ्या मधुमेही पाहुण्याने कॅनवरची बारीक अक्षरे वाचलेली बरी. साखरविरहित टॉनिकही मिळते.

या पेयाचा भारताशी संबंध काय?

सिंकोनाचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. त्याची साल सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारकांमार्फत युरोपात पोहोचली. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोघांनी सालीतून क्विनीन वेगळे केले. ब्रिटिशांना भारतात सैन्य आणि कारभार टिकवण्यासाठी हे औषध हवेच होते. म्हणून क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या १८६०च्या मोहिमेतून रोपे आणि बिया आणून निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली. पुढे दार्जिलिंगजवळच्या मुंगपू येथे लागवड आणि क्विनीनचा सरकारी कारखाना उभा राहिला. रवींद्रनाथ टागोर आपल्या अखेरच्या वर्षांत ज्या मुंगपूला जाऊन राहत, ते हेच. बंगालमध्ये १८९०च्या दशकात क्विनीनच्या पुड्या टपाल कार्यालयांतून एका पैशाला विकल्या जाऊ लागल्या. 

टॉनिक पाण्याचे पेटंट मात्र लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी १८५८ मध्ये घेतले. ते पचनाला मदत करणारे, अंगात तरतरी आणणारे पेय म्हणून विकले जाई. ‘टॉनिक’ हे नाव त्यामुळेच. १८७०च्या दशकात श्वेप्स कंपनीने ‘इंडियन’ हे विशेषण लावून आपले क्विनीनयुक्त टॉनिक बाजारात आणले आणि भारताचे नाव बाटलीवर कायमचे चिकटले.

सैनिकांनी मलेरियावरचा उपाय म्हणून हे पेय शोधले, ही कथा खरी का?

ही कथा प्रत्येक बारमध्ये ऐकायला मिळते : गोऱ्या सोजिरांना कोयनेलचा कडू डोस गिळवेना, म्हणून त्यांनी त्यात साखर, लिंबू आणि जिन मिसळली. कथा झकास आहे, पण पुरावा तितकासा साथ देत नाही. सैन्यात क्विनीन दारूत किंवा पाण्यात घालून दिले जाई, हे खरे. मात्र लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाशी संबंधित अभ्यासक किम वॉकर आणि मार्क नेस्बिट यांनी ‘जस्ट द टॉनिक’ या २०१९ मधील पुस्तकात या पेयाचा मागोवा घेतला. त्यांना सापडलेला ‘जिन अँड टॉनिक’चा सुरुवातीचा छापील उल्लेख १८६८ मधल्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’चा आहे. तो रुग्णालयातला किंवा छावणीतला नाही, तर घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनातला आहे. शर्यत संपल्यावर मंडळी जे मागवत होती, त्यात हे पेय होते.

थोडक्यात, ‘जिन अँड टॉनिक’ भारतातील ब्रिटिशांमध्ये रुजले हे खरे. पण औषधाचा डोस म्हणून नव्हे, तर उन्हाने हैराण झालेल्या लोकांचे विरंगुळ्याचे पेय म्हणून. 

मग टॉनिक प्यायल्याने मलेरिया टळतो का?

अजिबात नाही. अमेरिकेत टॉनिकमधील क्विनीनची कमाल मर्यादा लिटरला सुमारे ८३ मिलिग्रॅम आहे. मलेरियाच्या उपचारात प्रौढ रुग्णाला क्विनीन द्यायचे झाल्यास दिवसाची मात्रा साधारण १८०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे एका दिवसाच्या औषधासाठी २० लिटरहून अधिक टॉनिक प्यावे लागेल, तेही सलग काही दिवस. गच्चीवर डास असतील तर मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी ओतून देणे हाच उपाय. ताप आला तर रक्ततपासणी करावी. ग्लास हा त्यावरचा उतारा नाही.

झोपेत पायात गोळे येतात म्हणून रोज टॉनिक पिण्याचा घरगुती सल्लाही फिरत असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गोळ्यांसाठी क्विनीन वापरू नये असा इशारा दिलेला आहे. त्याचे दुष्परिणाम फायद्यापेक्षा जड ठरतात.

घरी केलेला ग्लास बिघडतो कुठे?

तीन ठिकाणी : तापमान, बर्फ आणि ढवळणे.

पहिले तापमान. पाणी जितके थंड, तितका त्यात वायू जास्त मावतो. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यात मावणारा कार्बन डायऑक्साइड शून्य अंशाच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून कपाटातला कोमट कॅन उघडला की फस्सकन फेस येतो आणि ग्लासात उरते ते गोड पाणी. टॉनिक आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवे. जिनची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तरी चालते. ४२.८ टक्के मद्यार्क असल्याने ती घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही.

दुसरे बर्फ. ‘बर्फ कमी घाल, पाणचट होईल’ हा सल्ला उलटा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. ३० अंशांवरची जिन आणि टॉनिक मिळून १५० ग्रॅम पेय शून्याजवळ आणायचे तर ढोबळ हिशेबाने ५५ ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे पेयात एक तृतीयांशाहून अधिक पाण्याची भर पडते. हेच दोन्ही घटक फ्रिजमधून ४ अंशांवर काढले असतील तर ७-८ ग्रॅम, म्हणजे दीड-दोन चहाचे चमचे पाणी पुरते. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला की पेय झटकन थंड होते आणि नंतर वितळण्याचा वेग मंदावतो. दोनच खडे घातले तर ते बिचारे एकट्याने सगळी उष्णता शोषून संपून जातात.

बर्फ मोठ्या खड्यांचा असावा, कारण त्याला हवेशी आणि पेयाशी भिडणारा पृष्ठभाग तुलनेने कमी असतो. स्टीलच्या छोट्या वाट्यांत गोठवलेला बर्फही उत्तम. फ्रीजरमध्ये सुरमई किंवा आले-लसणाची पेस्ट उघडी असेल तर तिचा वास बर्फाला लागतो, म्हणून भांडे झाकून ठेवावे. बाहेरून बर्फ आणत असाल तर रंग पाहा. मासे वगैरे साठवण्यासाठीचा, खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याची सक्ती अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये केली. निळसर बर्फ ग्लासात कधीही घालू नये. 

तिसरे ढवळणे. टॉनिक वरून धबाधबा ओतले आणि चमच्याने खळखळ ढवळले की वायू उडतो. एकदा, हलक्या हाताने, तळापासून वर इतकेच पुरे.

एका ग्लासाची कृती काय?

लागणारे साहित्य : जिन ३० मिलिलिटर, थंडगार टॉनिक १२० मिलिलिटर, कागदी लिंबाची एक फोड, ग्लास भरून बर्फ. 

१. सुमारे ३०० मिलिलिटरचा उभा काचेचा ग्लास घ्या. तो दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला तर उत्तम.

२. ग्लास बर्फाने वरपर्यंत भरा. तळाशी पाणी जमले असेल तर ते ओतून टाका.

३. जिन मापाने मोजून घाला. अंदाजाने नको. पेगचे माप नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारे, मिलिलिटरच्या खुणा असलेले झाकण चालते.

४. ग्लास किंचित तिरका धरून टॉनिक कडेने हळूहळू सोडा.

५. लांब चमच्याने एकदाच तळापासून वर उचलल्यासारखे हलवा.

६. लिंबाची साल ग्लासावर धरून हलकेच दाबा, म्हणजे सालीतले तेल वर फवारले जाईल. मग फोड आत टाका. सगळा रस पिळू नका. रस जास्त झाला की जिनचा वास दबतो आणि लिंबू सरबत उरते.

एकास चार हे प्रमाण उन्हाळ्यासाठी आणि लांब गप्पांसाठी योग्य. बारमध्ये एकास तीन किंवा एकास दोनही देतात. त्यात जिनची चव ठळक होते, पण मद्यही वाढते. चव फारच कडवट वाटली तर चिमटीच्याही चिमटीएवढे मीठ घाला. मीठ कडवटपणा दाबते, हे कारल्याला मीठ लावून ठेवणाऱ्यांना सांगायला नको.

लिंबाखेरीज दुसरे काय वापरता येईल?

जिनमधल्या वनस्पतींशी नाते सांगणारा कोणताही जिन्नस. संत्र्याची साल, आले, काकडीची लांब चकती, तुळशीची किंवा पुदिन्याची चार पाने, गवती चहाची काडी, कच्च्या कैरीची पातळ फोड. पाने चुरडायची नाहीत. तळहातावर ठेवून टाळी वाजवावी तशी थोपटली की वास मोकळा होतो. कोकमाच्या आगळाचे चार-पाच थेंब टाकले तर सुंदर रंग येतो. मात्र आगळात मीठ असते, तेव्हा हात आखडता ठेवावा. एका ग्लासात एकच जिन्नस ठेवला तर त्याची चव कळते. पाच घातले तर पाणीपुरीचे पाणी होते.

लहान गावात टॉनिक मिळत नाही, ही खरी अडचण. तिथे ‘टॉम कॉलिन्स’ हे दुसरे जुने जिन कॉकटेल कामी येते. त्याची कृती १८७६ मध्ये अमेरिकेतील जेरी थॉमस यांच्या पुस्तकात छापली गेली. जिन ३० मिलिलिटर, लिंबाचा रस १५ मिलिलिटर, साखरेचा पाक १५ मिलिलिटर आणि वरून थंड सोडा १०० मिलिलिटर. थोडक्यात, जिन घातलेले सोडा-लिंबू सरबत. त्यात क्विनीन नसल्याने कडवटपणा न आवडणाऱ्यांनाही ते रुचते.

गोव्यात मात्र मार्च-एप्रिल-मे हा हुर्राकचा हंगाम. काजूबोंडांच्या रसाची पहिल्या धारेची ही सौम्य दारू लिंबाच्या गोड सोड्यात, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. आंबट-गोड, खारट, किंचित तिखट आणि बुडबुड्यांचे असे गार पेय हवेसे वाटते, त्यामागे तीच उन्हाळी ओढ आहे.

दहा पाहुण्यांसाठी सामान किती आणावे?

प्रत्येकी दोन ग्लास धरले तर वीस ग्लास होतात. जिन ३० मिलिलिटरप्रमाणे ६०० मिलिलिटर. ७५० मिलिलिटरची एक बाटली पुरून उरते, कारण तिच्यात २५ छोटे पेग असतात. टॉनिक २.४ लिटर, म्हणजे ३०० मिलिलिटरचे आठ कॅन. दोन लिटरची मोठी बाटली टाळावी. पहिल्या चार ग्लासांनंतर तिच्यातला वायू जातो. बर्फ ग्लासामागे २०० ग्रॅम धरून चार किलो, आणि कॅन थंड ठेवण्याच्या टबासाठी आणखी दोन-तीन किलो. लिंबे पाच-सहा.

जगभर मिश्रण आधीच करून ठेवू नये. वीस मिनिटांत ते शिळे होते. आधी करायची तर एवढीच तयारी : लिंबे कापून ओल्या कापडाखाली ठेवणे, कॅन टबात बुडवणे आणि माप हाताशी ठेवणे. 

खाण्याचे पदार्थ पेयाच्या आधी यावेत. रिकाम्या पोटी मद्य झपाट्याने रक्तात जाते. नुसते खारे दाणे आणि वेफर्स तहान वाढवतात आणि पुढचा ग्लास लवकर मागवतात. थालीपीठ-लोणी, कोथिंबीर वडी, तळलेली मासळी, पनीर असे पोटाला आधार देणारे काही असावे. आणि टेबलाच्या मधोमध पाण्याचा मोठा जग. कोपऱ्यात नाही, मधोमध.

एका ग्लासातून किती मद्य पोटात जाते?

भारतात मिळणाऱ्या बहुतेक जिनमध्ये मद्यार्क ४२.८ टक्के असतो. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये त्यामुळे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते, ६०च्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. एकास चारच्या ग्लासाची तीव्रता सुमारे साडेआठ टक्के, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या आसपास. पण थंडावा, साखर आणि लिंबू यांमुळे ती जाणवत नाही. या पेयाचा धोका त्याच्या गुणातच दडलेला आहे : ते सरबतासारखे उतरते.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निपटू शकते. तासाभरात तीन ग्लास झाले तर उरलेले रक्तात फिरत राहते. काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ किंवा ताक यांनी हा वेग वाढत नाही. वेग वाढवणारी एकही गोष्ट नाही, केवळ वेळ जावा लागतो. म्हणूनच यजमानाने माप वापरण्याला महत्त्व आहे. ‘हाताने ओतलेला’ पेग सहज ५०-६० मिलिलिटरचा होतो आणि ‘मी दोनच घेतले’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात चार घेतलेले असतात.

उन्हाळ्यात हे पेय खरोखर थंडावा देते का?

जिभेला देते, शरीराला नाही. अल्कोहोलमुळे मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्यास सांगणाऱ्या संप्रेरकाचा स्राव घटतो. लघवीचे प्रमाण वाढते आणि घामावाटे आधीच कमी झालेले पाणी आणखी घटते. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत याचा वाटा असतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेविषयीच्या सूचनांतही मद्य टाळण्यास सांगितले आहे. दुपारी ४० अंशांत मैदानावर क्रिकेट खेळून आलेल्याला गार ‘जिन अँड टॉनिक’ देणे हा पाहुणचार नव्हे. आधी पाणी, ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत. सूर्य मावळू द्यावा, अंग निवू द्यावे, मग बाकीचे. प्रत्येक ग्लासानंतर एक पेला पाणी हा साधा नियम.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे स्पष्ट केले. अल्कोहोल हे कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. त्यामुळे ‘थोडी चांगली असते’ हा युक्तिवाद आता टिकत नाही. न पिणाऱ्याने सुरुवात करावी असे या पेयात काहीही नाही.

टॉनिक कोणी टाळावे?

गर्भवती स्त्रिया, हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रास किंवा त्यावरची औषधे असलेले लोक, आणि पूर्वी क्विनीनची ॲलर्जी झालेल्यांनी टॉनिकही, जिनशिवायसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काही मोजक्या लोकांत टॉनिकमधल्या किंचित क्विनीननेही रक्तातील प्लेटलेट घटून अंगावर जांभळे डाग उठतात. वैद्यकीय साहित्यात त्याला ‘कॉकटेल परप्युरा’ असे नावच आहे. झोपेच्या, नैराश्याच्या, मधुमेहाच्या अनेक औषधांशी मद्याचे जमत नाही, हे वेगळे. पाहुणा नको म्हणाला तर कारण न विचारणे हे यजमानाचे सौजन्य.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात जिनसारखे कडक मद्य पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, गोव्यात २१. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार पिणाऱ्याकडे परवानाही लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. सोसायटीच्या सभागृहात किंवा फार्महाऊसवर मद्यासह कार्यक्रम ठरवला असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना आधीच घ्यावा. गोव्याहून परतताना स्वस्त मिळाली म्हणून गाडीच्या डिकीत टाकलेली बाटली परवान्याशिवाय राज्यात आणणे हा गुन्हा आहे, तपासणी नाक्यावर ‘घरगुती कार्यक्रमासाठी’ हे उत्तर चालत नाही.

सर्वात महत्त्वाचे गाडी चालवण्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने थोड्या वेळात दोन छोटे पेग घेतले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वजन कमी असेल तर एका पेगनेही काठ गाठता येतो. म्हणजे ‘एकच घेतलाय, जाईन नीट’ हे वाक्य गणितात बसत नाही. पाहुण्यांच्या परतीची गाडी कोण चालवणार, हे पहिला कॅन उघडण्याआधी ठरवावे. कुणी नसेल तर टॅक्सी, किंवा दिवाणखान्यात अंथरूण.

न पिणाऱ्यांच्या हातात काय द्यावे?

बहुतेक घरच्या बैठकींत पिणाऱ्यांसाठी मांडामांड होते आणि न पिणाऱ्यांच्या हाती कोमट शीतपेय येते. वास्तविक या पेयातील निम्मी गंमत टॉनिक, बर्फ आणि लिंबाच्या सालीतच आहे. ज्यांना क्विनीन चालते त्यांच्यासाठी तसाच उभा ग्लास, तसाच काठोकाठ बर्फ, कोकम आगळ एक चमचा, आल्याची चकती आणि वरून थंड टॉनिक. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी टॉनिकऐवजी सोडा, कैरीचा गर आणि चिमूटभर भाजलेले जिरे. ग्लास बाहेरून सारखाच दिसतो. त्यामुळे ‘तू का घेत नाहीस?’ हा प्रश्न उरत नाही, आणि रात्री अकरा वाजता गाडीची किल्ली कुणाकडे द्यायची याचेही उत्तर मिळालेले असते.